हिरीबाई बी रिटायर झाली

मोहनसिंग रेलमंदून रिटायर झाला त्या दिशी जऊळक्याच्या ठेसनावर त्याच्या गयात झेंडूचा हार पडला, हातात नारय आला, अन् सायबानं सोताच्या हातानं त्याच्या डोक्याले फेटा बांधला. फेटा निरा कानावर उतरला होता, पन बुढ्यानं काही तो संध्याकायपर्यंत काढला नाही. जनमभर गँगवर रेलच्या रुयाखालची गिट्टी ठोकली त्यानं. एक दिवस नवरदेव झाला तं काय बिघडलं म्हना.

त्याची बायको हिरीबाई बायायच्या घोयक्यातून हे सारं पाहून राह्यली होती. टाया वाजून राह्यल्या, अन् हिच्या डोक्यात भलतंच चालू. याले पहाटं उठून भाकर बांधून देल्ली कोनं? पान्यापावसाचे ओले कपडे चुलीवर वायवले कोनं? हा रिटायर झाला, तं मंग आपुन काय झालो?

घरी आल्यावर बुढा खाटेवर टेकला अन् सवयीनं म्हने, चहा ठेव. हिरीबाई बी खाली टेकली, पाय पसरले अन् म्हने, "मी बी रिटायर झाली."

त्याले वाटलं बुढी चेष्टा करून राह्यली. चहा काही आला नाही. मंग उठला बिचारा. तीस वर्सं त्या घरात राहून त्याले साखर कोन्या डब्यात असते ते ठाऊक नोतं. पह्यल्या कपात मीठच पडलं. तो कप बी हिरीबाईनं पेला, पन उठली नाही. अशी जिद्दीची बाई.

चहा पेता पेता तिनं पुसलं, रिटायर झालेले लोक करतात काय? तो म्हने, आराम करतात, फिरतात, रेलचा पास भेटते. हिरीबाई म्हने, मंग मले फिरवा. तो म्हने, चाल, रेलनं एखांद्या देवीले जाऊ. तं ही म्हने, देवी कुठी पयून नाही जात. मले गोमती पाह्याची हाये अन् कमली पाह्याची हाये. तो म्हने, तठी रेल नाही जात. हिरीबाई म्हने, मैतरनी काय रुयावर राहतात?

हिरी, कमली अन् गोमती ह्या एकाच तांड्याच्या पोरी. एकाच उनायात तिघीची लगनं लागली अन् तिघी तीन दिशेले गेल्या: हिरी जऊळक्याले, कमली आसेगावकडं, गोमती शिरपूरकडं. मंग लेकरं, ढोरं, सुना. भेटनं म्हनजे कोनाच्या लगनात नाही तं कोनाच्या मयतीत.

अन् तांड्यातल्या बायायची एक रीत हाये. बऱ्याच दिसानं भेटल्या का 'राम राम, बसा, पानी घ्या' असं कोरडं नाही चालत. गयात गया घालाचा अन् सुरात रडाचं. रडता रडताच सारं सांगाचं, कोन जलमलं, कोन गेलं, म्हैस कधी मेली, सून कशी निंघाली. रडून झालं का नाक पुसाचं अन् हासत बसाचं. न रडता भेटली ते भेटलीच नाही. लहानपनी ह्या तिघी कडब्याच्या गंजीमांगं बसून हे रडनं शिकत. हिरी मंदातच हासे, कमली सूर सोडे. गोमतीचं रडनं मात्र असं, का म्हाताऱ्या हातचं काम टाकून आयकाले येत.

त्या गोमतीचा धनी भाऊसिंग चार वर्सामांगं वारला. त्या टायमाले मोहनसिंगाचा पाय रुयाखाली चेंबला होता, अन् हिरीबाईले जाता आलं नाही. तिचं रडनं राहून गेलं. घास अडकावा तसं ते चार वर्सं तिच्या गयात बसलं होतं. फिरनं-बिरनं तं बहाना होता बाई. तिले गोमतीच्या गयात पडून एकडाव रडाचं होतं, दोघी जित्त्या हायेत तोवर.

आता दमनी पाह्यजे अन् बैल पाह्यजे. ते होते जेठाच्या घरी. जेठ हरिसिंग म्हनजे तांड्याचा नाईक. त्यानं मिशीवरून हात फिरवला अन् पुसलं, कोन मेलं? कोनी नाही. लगीन कोनाचं? कोनाचंच नाही.

"मंग जाता काहून?"

हिरीबाईनं पदराआडून सांगतलं, "मेल्यावर जाऊन कोनाले भेटू दादा? म्हनून जित्तेपनी जाऊन राह्यली."

नाईक म्हने, बिनकामाच्या हिंडन्याले माहे बैल नाही. हिरीबाईनं मान हालवली, म्हने बराबर हाये, पायीच जातो आमी. वाटंत कोनी पुसलंच तं सांगू का नाईकाची भावजय हाये, त्यायचे बैल लय नाजूक हायेत. दुसऱ्या दिशी सकायी दमनी दारात उभी. बैलायच्या गयात घुंगरं बी होते.

हे त्या सालचं, जवा नागपूरचं राज जाऊन मुंबईचं आलं होतं. जवारी निंघाली होती, हवेत गारठा होता. पह्यले उगवतीले आसेगावकडं. कमलीच्या तांड्यात दमनी शिरली अन् दोघी अशा रडल्या का मोहनसिंगाची तठीच खाटेवर एक झोप झाली.

जेवता जेवता गोमतीचं नाव निंघालं, तं कमलीनं भाकर खाली ठेवली. म्हने, तिचं नाव नोको काढू. तिचा पोरगा मदनसिंग मास्तर झाला, तांडा सोडून शिरपुरात किरायानं राहाले गेला. नावात सिंग होतंच. गल्लीतल्या लोकायनं रजपूत समजलं, अन् यानं समजू देलं. मायचा घागरा पेटीत घातला, अंगावर लुगडं आलं. कमली बाजाराले गेली होती तवा तिच्या दारात गेली, तं गोमतीनं लांबूनच हात जोडले, कपबशीत चहा देला अन् म्हने, बरं आहे ना?

"म्या तो चहा नाही पेला," कमली म्हने. "मी काही येत नाही तुह्यासंग."

"तिले भेटाले नोकोच येऊ. मी रडीन तवा माहा सूर धराले ये."

कमली उलीशी हासली. अन् मंग आपलं गाठोडं बांधलं.

आता दमनी मावयतीले. मोहनसिंगाले सडकीचा लय राग. म्हने, रूय कसा सरय जाते, अन् ही सडक बेवड्यावानी. मांगं दोघी बुढ्या आरश्याच्या घागऱ्यात, कोपरापर्यंत चुडे, झुयझुय वाजत चालल्या. मालेगावच्या बाजारात एक टवाय पोट्टा म्हनालाच, बाबानं दोन दोन बायका केल्या वाटते. कमली म्हने, "तिसरी आनाले चाललो बाप्पा." मोहनसिंगानं बैल असे हाकलले का बाजार कवा सरला ते समजलं नाही.

शिरपुरात मंदिराले आलेल्या जात्रेकरूच्या गर्दीतून दमनी गल्लीत शिरली. आयतवार होता, मास्तर घरीच होता. घुंगरं आयकून भायेर आला, दोघीले ओयखलं, अन् त्याचं तोंड उतरलं. पोरगा वाईट नोता. गावात कोनाचा लोटा हरपला तरी पह्यले बोट तांड्याकडं जाये, हे त्यानं लहानपनापासून पाह्यलं होतं. पाशी येऊन हयूच म्हने, "मावशी, आत चला. रडणं वगैरे इथं नको. लोक ऐकतात."

त्याच्यामांगं उंबऱ्यावर गोमती उभी. लुगडं, डोक्यावर पदर, अन् पदराचं टोक बोटाले गुंडायून राह्यली. ती म्हने, "या, बसा."

"बसाले नाही आली मी," हिरीबाई म्हने. अन् भर गल्लीत, दमनीपाशीच उभी राहून तिनं गया मोकया सोडला. भाऊसिंग गेला तवा मी आली नाही व बाई, तुहे चुडे फुटले तवा तुह्या पाशी मी नोती व बाई. कमलीनं मांगून सूर धरला. गोमती उंबऱ्यावरच.

आता गल्लीले काय ठाऊक ही भेट हाये? गल्लीले वाटलं मास्तरची माय गेली. बाजूच्या जमनाबाईनं तवा उतरवला अन् चुलीत पानी ओतलं. समोरचा इंद्रभान, मास्तरचा घरमालक, जेवाले बसला होता. तो ताटावरून उठला. मानूस लय कामाचा, कोनाचं काही झालं का पह्यला हाजर. त्यानं गोठ्यावरचे दोन बांबू काढले, खांद्यावर घेतले अन् तसाच आला. येऊन पाह्यते, तं मयत उंबऱ्यावर उभी.

"मास्तर, माय तं तुही उभी हाये. मंग गेलं कोन?"

"कोणी नाही, काका."

"मंग ह्या बाया कोन?"

मास्तरनं गल्लीकडं पाह्यलं. समदे दारात. त्याच्या तोंडून निंघून गेलं, "ओळखीच्या नाहीत. फिरस्त्या आहेत कोणीतरी."

कमलीचा सूर तठीच तुटला. ती दमनीकडं वयली. हिरीबाई नाही वयली. तिनं पाय आनखी रोवले अन् पह्यल्याहून मोठा आवाज काढला, एकटीनंच.

तवा गोमती उंबऱ्याखाली उतरली. पदर डोक्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही. पोराच्या बाजूनं त्याच्याकडं न पाह्यता आली, अन् हिरीच्या गयात पडली. अन् मंग तिचा आवाज निंघाला, बाई व. चार वर्सं झाकून ठेवलेला. भाऊसिंग गेला ते रडली, तांडा सुटला ते रडली, घागरा पेटीत सडून राह्यला ते रडली. सारं गोरमाटीत, बंजाऱ्यायच्या बोलीत. गल्लीतल्या लहानसहान पोराले बी समजलं का हे रजपूत नाही, तांड्यावरचे हायेत. जमनाबाईले एक शब्द कयला नाही, पन ती आपल्या ओट्यावर नाक पुसून राह्यली होती. इंद्रभान तसाच उभा. बांबू खाली बी ठेवता येईना अन् घरी बी नेता येईना.

रडनं सरलं. तिघीनं डोये पुसले, अन् हिरीबाईची नजर बांबूवर गेली. ती फसकन् हासली, मंग तिघी हासल्या. गोमती म्हने, "दादा, बांबू राहू द्या घरीच. आज कोनी मेलं नाही. आज माह्या मैतरनी आल्या."

मंग ती घरात गेली. पेटीचं झाकन वाजलं. घागरा कमरेत काही बसेना, कमलीनं नाड्याले नाडा जोडून देला. तो घालून गोमती भायेर ओट्यावर येऊन बसली, साऱ्या गल्लीच्या समोर, अन् पोराले हाक मारली. म्हने, बैल सकायपासून उपाशी हायेत, काकाच्या घरून कडबा आन.

मास्तर हालेना.

"कोनाचे बैल म्हनून पुसतीन," गोमती म्हने. "काय सांगाचं ते तू पाहा."

हिरीबाई मोहनसिंगासंग बैल सोडाले लागली. तिले बोलनं येत नोतं असं नाही, तिची जीभ साऱ्यायले ठाऊक हाये. पन हे तिचं नोतं.

मास्तर गल्ली पार करून गेला. इंद्रभाननं नुकतेच बांबू भितीले टेकवले होते. त्यानं पुसलंच, "कडबा कोनाच्या बैलायले?"

"माह्या मावश्यायच्या," मास्तर म्हने. शायेतलं बोलनं शायेतच राह्यलं. "तांड्यावरून आल्या हायेत. आमी बी तठचेच."

 इंद्रभानले काय वाटलं त्याचं त्याले ठाऊक. मंग गंजीकडं अंगठा केला. "घे तीन पेंढ्या. अन् हे बांबू गोठ्यावर चढवून दे. तुमच्यापायी जेवन राह्यलं माहं."

"चढवतो काका," मास्तर म्हने. "पह्यले बैल." अन् पेंढ्या डोक्यावर घेऊन तो भितीच्या कडेकडेनं नाही, भर गल्लीच्या मंदातून चालत आला.