पोळी समोरच करायची

माझा जीव मुळातच उतावळा. गॅसवर दूध ठेवलं की ते तापेपर्यंत मी तीनदा झाकण काढून बघते. अशा बाईनं कारकुनी सोडून लांब पोळ्यांचा धंदा काढला, तेव्हा घरचे हसले यात नवल नाही. या पोळीला घाई खपत नाही. सैलसर कणीक हातावर घ्यायची, कोपरापर्यंत हळूहळू ताणायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर अलगद पसरायची. हात थरथरला की फाटलीच.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी थोरल्या जाऊबाईंच्या सोबतीनं दोन वर्षं पोळ्या करून विकल्या. तिथं बघायला कोणी नव्हतं. मग प्रताप नगरच्या एका हॉलमध्ये केटररनं लग्नात बोलावलं. पाहुण्यांसमोर मडकं मांडून पोळ्या करायच्या. जमलं तर लग्नसराईभर काम आमचं. मला ते हवंच होतं. आठवडाभर मोबाइलवर मन खंबीर करण्याचे व्हिडिओ पाहिले. एकात सांगितलं होतं, रोज आरशात बघून ‘मी खडक आहे’ म्हणा. तेही म्हटलं. मागून जाऊबाईंचा आवाज आला, "काहून वं, कोणासंग बोलून राहिली? खडकाले पोळ्या ताणता येते का?"

हॉलमध्ये पहिली पोळी फाटली. दुसरीही. तिसरी मडक्यापर्यंत पोहोचलीच नाही. समोर प्लेटा घेऊन रांग, बाजूला हाताची घडी घातलेला केटरर. माझे कान तापले.

"गहूच खराब लागला यंदा," मी मोठ्यानं म्हणाले.

तो गहू जाऊबाईंनी निवडला होता. कणीक आपटता आपटता त्याही मोठ्यानंच म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. रांगेकडे बघून सांगून टाकलं, "गहू चांगला आहे जी. माझे हात थरथरून राहिले. सगळ्यायच्या सामोर पहिल्यांदाच करून राहिली."

रांगेतल्या पहिल्या बाईंनी प्लेट पुढे केली. "मंग फाटलेलीच दे मले. मी काय अख्खी गिळणार आहो?"

लोक हसले. हातांची थरथर काही थांबली नाही, पण चौथी पोळी तशीच मडक्यावर गेली आणि शाबूत उतरली. पुढच्याही बऱ्याच उतरल्या, सगळ्या नाही.

सामान आवरताना केटरर म्हणाला, "ताई, चव एक नंबर आहे. पण पुढच्या टायमाले आत किचनमध्येच बसा. फाटली तरी कोणाले दिसणार नाही."

काम हातात येत होतं. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण एकदा आत बसले की पुन्हा बाहेर यायची हिंमत मी करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"करीन तं सामोरच करीन," मी म्हटलं.

"पाहू," म्हणून तो निघून गेला.

आठ दिवस मी फोन हातातून सोडला नाही. जो समोर येईल त्याच्यावर उगाच खेकसत होते. नवव्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "रविवारी या, ताई. बाहेरच मांडा."

फोन ठेवला आणि हात पुन्हा थरथरायला लागले. जाऊबाईंनी ते बघितलं. "कणीक भिजवू का वं?"

"भिजवा," मी म्हटलं. "अन् शेजारच्या चौघीजणींले बोलवा. सामोर बसून पाहा म्हणा."