बधिर जिभेने घेतलेला जबाब

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझे मलाच हसू येते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि मी नवा ठाणेदार. आवाज मोठा, तोरा त्याहून मोठा.

धंतोलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी तक्रार दिली. हिरडी बधिर करायच्या इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांचा अख्खा खोका दवाखान्यातून गायब झाला होता. माल परदेशी, पुन्हा मिळायला महिने लागत. कपाटाची किल्ली फक्त डॉक्टर आणि कंपाउंडरकडे असे. कंपाउंडर जवळच्या कुही गावचा, घरी बायको आणि दोन लहान मुली.

तिसऱ्या दिवशी जमादार खबर घेऊन आला. आठवडी बाजारात चिमट्याने दात उपटणारा एक म्हातारा बसे. गिऱ्हाइकाच्या किंकाळ्या पुढच्याच्या कानी पडू नयेत म्हणून त्याचा भाऊ शेजारी ढोलकी बडवी.

"साहेब, ढोलकीच बंद हाये. बुढा दात काढून राहिला अन् कोणी बोंबलूनच नाही राहिलं."

"कुठला तो?"

"कुहीचा, जी."

झाले! कंपाउंडरच्याच गावचा. मला वाटले, गुन्हा उकलला. दोघांनाही ठाण्यात आणले. कंपाउंडरपुढे टेबल ठोकून मी तासभर गरजलो. नोकरी जाईल, तुरुंगात सडशील, मुलींना कोण विचारील? तो काही सांगू लागला की मी मध्येच तोडी; त्यातून एवढेच ऐकू येई, "चोरी नाही केली जी."

म्हातारा मात्र शांत होता. "मले सुई टोचता येत नाही, साहेब. भाऊ बिमार पडला. ढोलकी नाही, अन् लोक बोंबलले तर धंदा बसते. म्हणून मुळी देऊन राहिलो."

त्याने थैलीतून लवंगेच्या तेलात भिजवलेली अक्कलकाऱ्याची मुळी काढली. दाताखाली धरली की जागा बधिर होते, म्हणाला. मी ती हिसकावली आणि पुरावा तपासायच्या ऐटीत भलामोठा तुकडा चावला.

आधी मुंग्या आल्या, मग लाळ सुटली, मग जिभेचे लाकूड झाले. "खरं बोल" म्हणायला गेलो तर तोंडातून नुसते "घं घं" निघाले. जमादार भिंतीकडे तोंड करून हसू लागला. कंपाउंडरच्या ओठांवरही हसू आले. मी तोंडाला रुमाल लावून मुकाट्याने बसलो.

मग कंपाउंडरच बोलला. "खोका माह्या हातून पडला जी. साऱ्या कुप्या फुटल्या. डॉक्टरसाहेब लय चिल्लावतात, सांगाची हिंमत नाही झाली. दवाखान्यामागं पुरल्या."

"मंग इथं काहून नाही सांगितलं गा?" जमादाराने विचारले.

"सांगून राहिलो होतो. साहेबानं बोलू कुठं देलं?"

पंचांसमोर जमीन उकरली. फुटक्या काचा आणि फाटका खोका निघाला. डॉक्टर त्याकडे पाहत राहिले. "इतका भितोस मला?" एवढेच त्यांनी विचारले आणि तक्रार मागे घेतली. दुसऱ्या सकाळी कंपाउंडर पुन्हा दवाखान्यात सुया उकळत होता. हिरडीत पू झालेली माणसे आपल्याकडे पाठव, पैसे घेणार नाही, असा निरोपही डॉक्टरांनी म्हाताऱ्याला दिला.

पुढच्या साऱ्या नोकरीत मी जबाब घेताना एक प्रश्न विचारी आणि गप्प बसे. माणसे बोलत, बहुतेक खरे बोलत. पण त्या तासाची लाज अजून वाटते. दोन मुलींचा बाप माझ्यासमोर खरे सांगायला तोंड उघडत होता, आणि मी ओरडत होतो.