जर्मनीच्या ओढीने हानडॉर्फ

आम्हाला खरं तर जर्मनीला जायचं होतं. ऱ्हाइन नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या कुशीत एक लहानसं गाव आहे. तिथे आमची मुलगी मेलिसा नांदते. तिला दिवस गेल्याचं कळलं आणि सेलीनने, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच विमानाची तिकिटं काढली. मग करोना आला. ऑस्ट्रेलियाने दारं अशी लावून घेतली की बाहेर जायलाही परवानगी लागायची. आम्ही दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला.

सेलीन वसईची. पहिलं बाळंतपण आईच्या हातून व्हायचं, हे तिच्या मनात पक्कं. नकार आल्यापासून ती कमी बोलायची. सिडनीतल्या टूनगॅबीच्या आमच्या घरात संध्याकाळी फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

सप्टेंबर सरताना साउथ ऑस्ट्रेलियाची सीमा आम्हा सिडनीकरांना खुली झाली. मी म्हणालो, "ॲडलेडजवळ हानडॉर्फ नावाचं गाव आहे. सगळं जर्मन. जाऊ या?"

"माझी पोरगी तिकडे अडकलीय आणि तू मला शूटिंगचा सेट दाखवायला नेतोस?"

"सेट नाही गं. खरं गाव आहे. जर्मनांनीच वसवलेलं."

शनिवारी पहाटे ती थर्मास भरून गाडीत येऊन बसली. बाळंतपणाला अजून दोन आठवडे होते.

व्हिक्टोरियाची सीमा बंद असल्यामुळे वरून, ब्रोकन हिलवरून जायचं ठरलं. ब्लू माउंटन्सचा घाट संपला, डबो मागे पडलं आणि जमीन हळूहळू सपाट नि लाल होत गेली. कोबारच्या पुढे रस्ता इतका सरळ, की स्टिअरिंग विसरायला होतं. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं. मध्येच एमू (शहामृगासारखा इथला उंच पक्षी) आपल्या पिलांची रांग घेऊन रस्ता ओलांडतो, तेव्हा थांबावं लागतं. ती पिलं पलीकडे जाईपर्यंत सेलीन काचेला नाक लावून बघत राहिली. मोबाइलला तासन् तास रेंज नव्हती. ती मात्र तो हातातून खाली ठेवत नव्हती.

ब्रोकन हिलला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सीमेवर पोचलो. मास्क लावलेल्या पोलिसाने परवाना पाहिला आणि कुठे निघालात म्हणून विचारलं.

"जर्मन गाव बघायला," मी म्हणालो.

"वर्षभरात भेटलेले तुम्ही पहिलेच, जे युरोपला निघालेत," तो हसून म्हणाला. "नो वरीज, मेट. जा."

पुढच्या चौकीवर मात्र फळं तपासतात. फळमाशी राज्यात शिरू नये म्हणून बाहेरची फळं नेता येत नाहीत, हे मी साफ विसरलो होतो. पिशवीभर पेरू आणि संत्री पिंपात टाकावी लागली. "निदान दोन पेरू खाऊन तरी टाकू या," असं म्हणत सेलीन तिथेच उभी राहून खायला लागली आणि चौकीवरची बाई हसत थांबून राहिली. निघाल्यापासून सेलीन पहिल्यांदा हसली, ती तिथे.

रात्री ॲडलेडला राहिलो. सकाळी डोंगर चढून अर्ध्या तासात हानडॉर्फ आलं.

पहिल्या नजरेत भरतात ती झाडं. मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना जुने, घेरदार एल्म. वसंत नुकताच लागला होता, त्यामुळे पालवी अगदी कोवळी, जवळजवळ पिवळी. त्यांच्या मागे दगडी घरं, आणि अधूनमधून फाखवेर्क (लाकडी चौकटीत विटा किंवा माती भरून बांधलेली भिंत). उतरती छपरं, छोट्या खिडक्या, दारापुढे फुलांच्या कुंड्या. एरवी इथे पर्यटकांच्या बसगाड्या रांगेने उभ्या असतात म्हणे. त्या दिवशी रस्ता मोकळा होता आणि दुकानदार दारात उभे राहून आमच्याकडेच बघत होते.

बेकराय (बेकरी) मध्ये काचेमागे गोल, तळलेले, साखर भुरभुरलेले बर्लिनर मांडले होते. "अरे, हे तर आपले फुगे!" सेलीन म्हणाली. नाताळात वसईच्या घराघरात पीठ आंबवून तळतात, ते फुगे. चावा घेतल्यावर आतून जॅम निघाला. "फुग्यात जॅम! माझ्या आयने लाटणंच उगारलं असतं."

तेवढ्यात फोन वाजला. जावई टोबियासचा मेसेज होता. कळा सुरू झाल्या, हॉस्पिटलला निघालोय, आत्ता फोन करू नका.

दोन आठवडे आधीच. सेलीनने खाणं तसंच ठेवलं आणि उठून चालायला लागली. मी पैसे देऊन मागे धावलो. ती थेट गावाच्या चर्चपाशी थांबली. दार बंद. शेजारच्या बागेत एक वृद्ध बाई गुलाबांची छाटणी करत होत्या. सेलीनचा चेहरा बघून त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आज चर्च बंद असतं. काही झालं का?"

"माझ्या मुलीचं बाळंतपण सुरू आहे. जर्मनीत. आणि मी इथे आहे."

त्या बाईंचं नाव हेल्गा. वय ऐंशीच्या पुढे. चर्चची देखभाल त्यांच्याकडेच होती. त्यांनी कुलूप काढलं. चर्च प्रोटेस्टंट होतं; आम्ही कॅथलिक आहोत, असं मी संकोचून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज ते कोण विचारणार आहे?"

आत गारवा होता, पॉलिशचा वास होता. बाकांवर एकाआड एक बसण्यासाठी चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सेलीन पुढच्या बाकावर बसून मराठीतून रोझरीची जपमाळ म्हणू लागली. हेल्गा मागच्या बाकावर बसल्या. वेळ जाता जाईना, तेव्हा मी त्यांना गावाबद्दल विचारलं.

त्यांचे पूर्वज प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातले. राजाने नवी प्रार्थनापद्धत लादली, ती त्यांना मान्य झाली नाही, म्हणून आपल्या पाद्रीसकट ही माणसं जहाजात बसली. ज्या कप्तानाने त्यांना आणलं आणि इथली जमीन मिळवून दिली, त्याचंच नाव गावाला दिलं. तो हान, आणि डॉर्फ म्हणजे गाव. बायका लोणी आणि भाजीच्या टोपल्या घेऊन डोंगर उतरून ॲडलेडच्या बाजाराला पायी जायच्या. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली, तेव्हा गावाला इंग्रजी नाव दिलं गेलं. जुनं नाव परत यायला बरीच वर्षं लागली.

"माझा मोठा भाऊ आणि मी एकाच खोलीत जन्मलो," हेल्गा म्हणाल्या, "पण दोन वेगवेगळ्या गावांत."

"तुम्ही कधी तिकडचं मूळ गाव पाहिलं?"

"एकदा गेले होते. आता ते पोलंडमध्ये आहे. आमच्या बोलीतलं अक्षर कुणाला कळलं नाही." मग म्हणाल्या, "आमच्यातल्या पहिल्या बायकांनी आईचा निरोप घेतला, तो कायमचाच. पत्र यायला अर्धं वर्ष लागायचं. कोण गेलं, कोण जन्मलं, सगळं उशिरा कळायचं."

सेलीनची रोझरी थांबली होती. ती ऐकत होती.

खिडक्यांतला उजेड तिरपा झाला तेव्हा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी टोबियासचा मास्क, मग छत, मग घामाने भिजलेली मेलिसा आणि तिच्या छातीवर लाल, सुरकुतलेलं एक तोंड.

"मम्मी, मुलगी आहे. आम्ही दोघीही बऱ्या आहोत."

सेलीन पडद्यावरून बोट फिरवत राहिली. "तिला टोपडं घाल गं," एवढंच शेवटी म्हणाली. "टाळू झाक."

हेल्गा मागून वाकल्या आणि जर्मनमध्ये काहीतरी हळू म्हणाल्या. टोबियास चकित झाला. "कोण बोललं ते? माझी पणजी असं बोलायची!"

फोन बंद झाल्यावर सेलीन रडली, जशी नकार आला तेव्हाही रडली नव्हती. हेल्गांनी मिठीसाठी हात पुढे केले, मग नियम आठवून तसेच मागे घेतले. सेलीनने बाकाच्या पाठीवर हात ठेवला. त्याच लाकडावर, वीतभर अंतरावर, हेल्गांनी आपला ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडी मीच चालवली. सेलीन बाहेर बघत होती. "त्या बायकांपेक्षा आपण नशीबवान," ती म्हणाली. "चेहरा तर लगेच दिसला." पुढे पाच-दहा मैल गेल्यावर म्हणाली, "पण बाळाच्या डोक्याचा वास येतो ना, तो नाही आला." लाल माती संपली, हिरवळ लागली, घाट आला आणि घरही आलं.

देशाची सीमा पुढच्या वर्षाच्या अखेरीस उघडली. आम्ही मिळेल त्या पहिल्या विमानाने गेलो. मेलिसाच्या गावात हानडॉर्फइतकी देखणी घरं नाहीत. अर्धं गाव सिमेंटचं आहे. नात सोफ्याला धरून उभी होती. आम्ही आत गेल्याबरोबर तिने आईचा पाय घट्ट पकडला आणि मागे लपली. वर्षभर रोज पडद्यावर बघितलेली माणसं एवढी मोठी, आणि हलणारी, हे तिला पटेना.

मला वाटलं, सेलीन झेपावेल. तिने कोटही न काढता जमिनीवर बसकण मारली आणि हात मांडीवरच ठेवले. मीही तिच्या शेजारी बसलो. इतके महिने थांबलो होतो. पोरीला हवा तेवढा वेळ द्यायला आता आमची ना नव्हती.