सासऱ्यांनी पसंत केलेली बॅग

पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड मला चाळिशीनंतर लागलं. कॅमेरा आणि लांबलचक लेन्स मी एका खांद्याला अडकवायच्या साध्या बॅगेतून न्यायचे. शेवटी खांदा इतका धरला, की शाळेत फळ्यावर लिहायला हात वर जाईना. मग पाठीवरची बॅग घ्यायचं ठरलं. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. सासरे म्हणाले, "मी येतो. बॅगांमधलं मला कळतं."

यात काही खोटं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं बाबांनी औषधांची बॅग घेऊन दिंडोरीपासून नामपूरपर्यंत डॉक्टरांचे दवाखाने पालथे घातले होते. बॅगा त्यांना कळायच्या आणि विक्रेते त्याहून जास्त.

वाटेत मेथीच्या जुड्या घेऊन आम्ही मेन रोडजवळच्या दुकानात शिरलो. विक्रेता उत्साही होता. पहिलीच बॅग काउंटरवर ठेवत म्हणाला, "मॅडम, शंभर टक्के वॉटरप्रूफ."

"शंभर?" बाबांनी विचारलं.

"शंभर, काका!"

बाबांनी शांतपणे स्वतःची पाण्याची बाटली उघडली आणि बॅगेवर धार धरली.

"अहो काका! वरचं कव्हर लावल्यावर!"

"बरं. मग आत्ता किती टक्के?"

विक्रेत्याने फडकं आणलं आणि दुसरी बॅग काढली. ती मला फारच आवडली. माझा कॅमेरा आत ठेवून, चेन लावून मी ती पाठीवर घेतली आणि आरशासमोर उभी राहिले. बाबा मागून सूचना देत होते. "जरा वळ. अजून वळ. हं, आता पट्टे ओढ."

वजन अगदी हलकं वाटत होतं. मी खुशीत म्हणाले, "बाबा, काही जाणवतसुद्धा नाही!"

बॅग उतरवून बघते तर आत कॅमेराच नाही.

विक्रेता पांढराफटक पडला. त्याने धावत जाऊन दुकानाचं दार लावलं, मग काउंटरखाली वाकून शोधू लागला. बाबाही त्याच्या शेजारी वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "रंग कोणता होता कॅमेऱ्याचा?"

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातातल्या मेथीच्या पिशवीकडे गेलं. मेथीने पिशवीचे बंद असे ताणले जात नाहीत. मी हात घातला. जुड्यांच्या मधोमध कॅमेरा आरामात बसला होता.

"बाबा!"

"ओरडतेस काय? चेन बाहेरच्या बाजूला आहे. गर्दीत तुझ्यामागे चोर असता तर?"

"होताच की!"

जीव भांड्यात पडल्यावर विक्रेताही हसायला लागला. त्याने आतून तिसरी बॅग आणली. तिची चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूला होती. मी ती अंगावर घेतल्यावर बाबांनी बऱ्याच खटपटी केल्या, पण त्यांना काही ती उघडेना. "हीच घे," ते जरा नाराजीनेच म्हणाले. विक्रेता कमरेच्या पट्ट्याबद्दल काहीतरी समजावत होता, पण मी लेन्सवरची मेथीची पानं पुसण्यात गुंतले होते.

पहिल्याच रविवारी आम्ही गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. अगदी जवळच्या वठलेल्या खोडावर कैकर, म्हणजे मासे मारणारा शिकारी पक्षी, येऊन बसला. मी पट्टे सोडले, बॅग गवतावर ठेवली, उलटी केली, चेन उघडली. तोवर कैकर पलीकडच्या काठाला.

"जे चोराला जमत नाही ते मालकिणीलाही जमत नाही," बाबा म्हणाले.

मी चिडून तिथूनच दुकानात फोन लावला. विक्रेत्याने तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाला, "मॅडम, तेच तर सांगत होतो. बॅग उतरवायचीच नाही. खांद्याचे पट्टे सोडा, कमरेचा राहू द्या, आणि बॅग गोल फिरवून पोटावर आणा."

करून पाहिलं. बॅग पोटासमोर टेबलासारखी आडवी झाली, चेन उघडली, कॅमेरा थेट हातात. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"यात्रेतल्या फुटाणेवाल्यासारखी दिसतेस," ते म्हणाले. एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले? त्यांनी तोंडाशी हात नेऊन खणखणीत आवाजात हाळी दिली, "ए, फुटाणेऽऽ! गरमागरम!"

उथळ पाण्यात बसलेला चक्रवाकांचा अख्खा थवा भर्रकन उठला. केशरी अंगं, काळेपांढरे पंख, खाली फुटलेलं पाणी. माझं बोट आपोआप बटणावर दाबलं गेलं. काठावरचे बाकीचे फोटोवाले आमच्याकडे असे बघत होते, की आम्ही चहासुद्धा न पिता तिथून काढता पाय घेतला.

त्या थव्याचा फोटो आता आमच्या हॉलमध्ये मोठा करून लावलाय. येणारा प्रत्येकजण विचारतो, एवढे पक्षी एकदम कसे काय उडाले? मी विषय बदलते. बाबा मात्र सोफ्यावर सरसावून बसतात आणि सांगायला घेतात.