भिंत नसलेल्या गावातला फ्लॅश

माझा नवरा लाफाएले बस चालवतो. गावातून धक्क्यावर आणि धक्क्यावरून गावात. लाकडी बाकांची रंगीबेरंगी बस आहे, तिच्यात माणसांबरोबर अळूच्या कंदांची पोती आणि डुकराची पिल्लंही बसतात. या कामाला डोकं लागत नाही असं त्याचं म्हणणं, म्हणून उरलेलं सगळं डोकं त्याने कॅमेऱ्यात घातलंय. ऑकलंडच्या चुलतभावाने नवा घेतला आणि जुना याला दिला. त्या दिवसापासून माझ्या घरात सवत आहे.

लग्न असो, मयत असो, लाफाएले कॅमेरा घेऊन हजर. पैसे मागायची लाज वाटते. लोक मासा देतात, केळीचा घड देतात, याला तेवढ्यात आनंद. घर माझ्या शिवणयंत्रावर चालतं, हे मी त्याला ऐकवते आणि तो मुकाट ऐकून घेतो. भांडायला उभाच राहत नाही हा माणूस, हीच माझी मोठी तक्रार आहे.

गेल्या वर्षी मात्र त्याची चांगलीच फजिती झाली. ऑक्टोबरातला एक रविवार आमच्या सामोआत मुलांचा असतो. पोरं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत चर्चला येतात, एकेक करून पुढे उभं राहून पाठ केलेलं वचन म्हणतात, आणि त्या दिवशी जेवायलाही आधी पोरं बसतात, आम्ही मोठे वाढायला. गावातल्या निम्म्या पोरांचे आईबाप न्यूझीलंडला राबतात, त्यांना लाफाएले फोटो पाठवतो. माझी धाकटी बहीण पेनिनाही तिकडे फळं भरायच्या कारखान्यात आहे. तिची पोरगी फेतू माझ्याकडेच वाढतेय.

फोटो गेले आणि पेनिनाचा फोन आला. "ताई, फ्रॉक काय सुरेख शिवलायस. टीप न् टीप दिसतेय. पण माझ्या पोरीचं तोंड कुठाय?"

तोंड होतं, पण अंधारात बुडालेलं. पाठीमागे सताड उघड्या खिडक्यांतलं ऊन, अंगावर पांढरंशुभ्र कापड, त्यात आमच्या सावळ्या पोरांचे चेहरे दिसणार कसे? कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो चिमुकला फ्लॅश तिथवर पोचतच नव्हता. पेनिना हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. उन्हात उभं करून काढलेले फेतूचे फोटो तिच्याकडे ढीगभर होते. तिला पोर वचन म्हणताना पाहायची होती, आणि मालक सुट्टी देत नव्हता.

लाफाएलेने माझ्या हातून फोन घेतला. "पुढच्या वर्षी चेहरा दिसेल, पेनिना. माझा शब्द." मला विचारायचं नाही, सवरायचं नाही, शब्द देऊन मोकळा.

यंदा सप्टेंबरात बोटीने राजधानीला, आपियाला गेलो. मी पोरांच्या कपड्यांसाठी पांढऱ्या कापडाचा गठ्ठा घेतला आणि मग याच्याबरोबर कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले. मालक आ सू म्हणून एक म्हातारा. त्याने काचेवर दोन फ्लॅश मांडले.

"हा ऑटोमॅटिक. किती उजेड टाकायचा ते स्वतःच ठरवतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं."

किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. तेवढ्यात आमच्या बसचे टायर आले असते.

"आणि हा?"

"हा मॅन्युअल. स्वस्त आहे, पण याला स्वतःची अक्कल नाही. तुम्ही सांगाल तेवढाच उजेड टाकणार."

"म्हणजे माझ्या नवऱ्यासारखा," मी म्हटलं.

म्हातारा खोकल्यासारखं हसला. लाफाएलेचं लक्षच नव्हतं. त्याचा सगळा जीव त्या महागड्यात अडकला होता, आणि शब्द दिला असल्यामुळे तो घरातलं काहीही विकून तोच घेणार, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

महागडा लावून त्याने माझा फोटो काढला. झकास आला. मग मी म्हटलं, "पोरं काय माझ्यासारखी निळ्यात येणार आहेत? थांब." गठ्ठा सोडला, कापड गळ्यापासून खालपर्यंत लपेटलं आणि तिथेच उभी राहिले. पुन्हा फोटो. यावेळी माझं तोंड काळवंडलेलं आलं, अगदी गेल्या वर्षीच्या पोरांसारखं.

"पांढरं दिसलं की याला वाटतं, झाला उजेड पुरेसा," आ सू म्हणाला. "मग हात आखडता घेतो."

स्वस्तातला लावला. पहिल्या फोटोत मी चुन्यात पडल्यासारखी, दुसऱ्यात जरा कमी. लाफाएले उजेड उतरवत गेला, आणि एकदाचा माझा चेहरा माझ्यासारखा आला. मग मी कापड काढलं, घातलं, पुन्हा काढलं. चेहरा तस्साच. त्या फ्लॅशला पांढऱ्याचं काही सोयरसुतकच नव्हतं.

"मुलं कुठे उभी राहतात?" आ सूने विचारलं.

"सगळी एकाच जागी. चटईवर."

"मग एकदा चटईवर कोणाला तरी उभं करून उजेड लावून ठेवा. त्यानंतर मूल बदललं तरी हात लावायचा नाही."

लाफाएलेने एकच विचारलं, "याची मान वळते का?" त्याहून स्वस्त एक होता, पण त्याला मान नव्हती. मान वळणारा घेतला.

घोडं अडलं ते मुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चर्चमधल्या तालमीला. लाफाएलेने चटईवरच्या पोराकडे तोंड करून फ्लॅश उडवला, पोरगं दचकलं, वचन विसरलं आणि भोकाड पसरलं. पाळकसाहेब उठून आले. "लाफाएले बाबा, एक तर देवाचं वचन, नाहीतर तुझी वीज. पोरांच्या डोळ्यांत उजेड मारायचा नाही."

फ्लॅशबरोबरच्या कागदावर उपाय होता. मान वळवा, जवळच्या भिंतीवर किंवा छतावर उजेड मारा, तो परतून मऊ होऊन येतो. भिंत! आमच्या घरांना खांब असतात आणि छप्पर असतं. भिंत कशी असते ते पाहायला बँकेत जावं लागतं. चर्चलाही दोन्ही बाजूंना नुसत्या खिडक्या. छत होतं, पण उंच आणि तपकिरी लाकडाचं. त्यावर मारलेला उजेड परत आला तो पोरांना कावीळ देऊन. मी भिंतीऐवजी पांढरी चादर धरायला सुचवलं, तर पाळकसाहेब म्हणाले, "देवाच्या घरात धुणं वाळत घालू नकोस, मिलियामा."

लाफाएले बसच्या पायरीवर जाऊन बसला. जेवला नाही. "शब्द देताना मला विचारलं होतंस?" असं म्हणायला मी गेले होते खरी, पण त्याचं तोंड बघून ताट तेवढं शेजारी ठेवलं आणि परत आले.

रविवारी मी नेहमीप्रमाणे गाणाऱ्या बायकांत बसले. आमचे बाक चटईच्या अगदी बाजूला, आणि आम्हीही सगळ्या पांढऱ्यात, टोप्यांसकट. पहिलं गीत सुरू झालं. लाफाएले कॅमेरा घेऊन उभा, इकडे तिकडे बघत होता. बघता बघता त्याची नजर आमच्यावर थांबली आणि हलेचना. टायरातला खिळा सापडला की तो असा बघतो. त्याने फ्लॅशची मान पोरांकडून फिरवून सरळ आमच्याकडे केली आणि उजेड उडवला.

"अगं, तुझा नवरा पोरांचे फोटो काढतोय की आपले?" शेजारची तोफी कुजबुजली.

"डोळे मीट आणि गा," मी म्हटलं.

त्याने पडद्यावर पाहिलं, उजेड थोडा वाढवला, पुन्हा उडवला, आणि मग हात काढून घेतला. पोरं एकेक करून येऊ लागली. उजेड आमच्या पांढऱ्या कपड्यांवर आदळत होता आणि तिथून परतून पोरांच्या तोंडावर हलकेच पडत होता. एकही पोर दचकलं नाही. डोळे काय ते आमचे दिपले.

फेतू आली. अर्ध्यावर अडखळली. तिने माझ्याकडे पाहिलं, मी ओठ हलवून पुढचा शब्द दिला आणि तिने उरलेलं वचन घडाघडा म्हणून टाकलं.

दुपारी, पोरांची पानं वाढून झाल्यावर, लाफाएलेने कॅमेरा माझ्यासमोर धरला. फेतूच्या कपाळावरचा घाम दिसत होता, उघडं तोंड, पापण्या, सगळं. मला इतका आनंद झाला की मी काही बोललेच नाही. मी बोलत नाही म्हणजे काय, हे त्याला कळतं.

फोटो गेले आणि पेनिनाचा फोन आला.

"ताई, ही कोणाकडे बघतेय गं?"

"माझ्याकडे. अडखळली होती, मी शब्द सांगितला." बोलून गेले आणि वाटलं, कशाला बोललीस बाई! जिभेला हाड नाही तुझ्या.

पेनिनाने नाक ओढलं. "पुढच्या वर्षी त्या बाकावर मला जागा धर. मी येतेय. मालकाला सांगणार आहे, सुट्टी दे, नाहीतर तुझी नोकरी तुला लखलाभ. आणि भावोजींना म्हणावं, खुशाल माझ्या डोळ्यांत उजेड मारा."

"मग पांढरा झगा शिवायला हवा," मी म्हटलं. "माप सांग. तिकडचं लोणी खाऊन सुटली असशील."

तिने मापं सांगायला सुरुवात केली. माझे डोळे इतके भरून आले होते की एक आकडा धड लिहिता येईना. शेवटी लाफाएलेने माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि त्यानेच सगळं लिहून घेतलं.