उपाशी रोपं

माझी धाकटी बहीण नीला भाताची रोपं उपाशी ठेवते आणि त्याचा तिला पगार मिळतो. संकष्टीला मी तिची प्रयोगशाळा बघायला गेले. एका ट्रेमधली रोपं हिरवीगार होती, त्यावर चिठ्ठी ‘जेवलेली’. दुसऱ्या ट्रेमधली फिकट, युरियातून मिळतं ते नत्र त्यांना बंद. त्यावर चिठ्ठी ‘उपास’.

नीलाने कॉम्प्युटर उघडला. मुळांतल्या हजारो जनुकांपैकी कुठली कामाला लागलीत, ते पडद्यावर ठिपक्यांनी दिसत होतं. मला वाटलं, उपाशी रोपं मरगळून बसली असतील. पण नत्र ओढून आणणाऱ्या जनुकांची लगबग त्यांच्याच मुळांत जास्त!

“आणि ताई, हे खालचं पिवळं पान बघ. त्यातलं नत्र काढून वरच्या कोवळ्या पानाला पोचवलंय.”

मला हसूच आलं. हे तर आमचं उपासाचं स्वयंपाकघर! एरवी वरणभातावर भागतं. उपास म्हटला की साबुदाणा भिजव, दाणे कूट, बटाटा किस. भूक रोपालाही स्वस्थ बसू देत नाही म्हणायची. मी तर सकाळपासून तीनदा खाल्लं होतं, आता चौथ्यांदा खायला डबा घेऊन नीलासोबत बाहेरच्या पायरीवर बसले.

“तू जेवलीस ना गं?” मी सहज विचारलं.

“कुठलं! सकाळपासून ठिपकेच बघतेय.”

उपास माझा आणि उपाशी ही! मी खिचडी तिच्यापुढे सरकवली.

“दाण्यांत नत्र भरपूर असतं,” म्हणत तिने डबा चाटूनपुसून संपवला.

चंद्रोदयापर्यंत मला त्या दिवशी खराखुरा उपास घडला. पण पिवळी काही पडले नाही.