एवारिस्तो मास्तरची वाकडी शिवण

आमच्या गल्लीत आता दातांचे डॉक्टर आणि औषधांची दुकानं झाली आहेत. एवारिस्तो किन्तानारला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून ही गोष्ट सांगायला हरकत नाही. एरवी माझ्या पोटात गोष्ट राहते कुठे? माझं सलून त्याच्या दुकानाच्या बरोबर समोर होतं. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करता करता मी त्या घराचं बरंवाईट आरशातून पाहत आलो. त्याची बायको ओफेलिया डावरी. आरशात ती मला उजव्या हातानं शिवताना दिसायची, आणि मी उगाच तिला चिडवायचो, "वहिनी, आमच्या दुकानात तुम्ही सुधारता बरं का." ती दाभण दाखवायची.

मास्तर गाड्यांच्या सीटा शिवायचा. साठ सालच्या सुमाराला शनिवार उजाडला की पलीकडून अमेरिकन पोरं, बहुतेक खलाशी, सीमा ओलांडून तिहुआनात यायची. गाडी मास्तरकडे सोपवायची, दिवसभर बारमध्ये बसायचं आणि संध्याकाळी लाल-पांढऱ्या रेक्झिनच्या, नळ्यानळ्यांच्या नव्या गादीवर बसून घरी जायचं. तिकडे आवई होती की हे लोक गादीत लीद भरतात. हा शब्द निघाला की मास्तर गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला पोत्यांपाशी न्यायचा. "हात घाल आत. कापूस आहे की नाही? माझ्या गादीत दुसरं काही निघालं तर दुकानाला कुलूप लावीन."

आणि निघालं. बासष्ट सालच्या एप्रिलातली गोष्ट. मास्तर एका बारशाला तेकातेला गेला होता. दुकान ओफेलियाच्या भावावर, नाबोरवर, सोपवलेलं. त्या शनिवारी दोन गाड्या झाल्या. पुढच्या शनिवारी त्यातली एक परत आली. खलाशी नाक दाबून खाली उतरला आणि बोलला ते मी इथे लिहीत नाही. मास्तरनं सुरी घेतली, भर रस्त्यात गादी उभी फाडली. आत पेंढा. तोही कोरा नव्हे, शेजारच्या तबेल्यातला. त्या तबेल्यात पट्टे रंगवून झेब्रे केलेली गाढवं असत, प्रवाशांनी फोटो काढावेत म्हणून.

"हे कुणी भरलं?"

नाबोर पुढे आला. "मी."

मास्तरनं त्याला त्याच पावली घालवला. ओफेलिया दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरावा तसा एप्रन धरला होता.

यात माझा हात किती, तेही सांगून टाकतो. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मी ती हकीकत पाच प्रकारे सांगितली आणि नाबोरचं नाव "गाढव" ठेवलं. नाव असं चिकटलं की पोरं त्याच्या मागून गाढवासारखी ओरडत जायची. दुसऱ्या कुठल्या दुकानात त्याला कुणी उभं करीना. महिन्याभरात तो एन्सेनादाला गेला. ओफेलिया दर नाताळात मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या तामालेंची टोपली घेऊन त्याच्याकडे जायची. मास्तर म्हणायचा, "जाऊ दे, भावाची माया आहे." स्वतः कधी गेला नाही. पुढे ओफेलिया वारली, तेव्हा नाबोर मातीला आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परतला.

त्यानंतर सहा वर्षांनी हॉलिस नावाचा एक निवृत्त शिक्षक सान दिएगोहून छप्पन सालची शेव्हरोले घेऊन आला. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. मास्तर तेव्हा चौऱ्याहत्तरचा, महिन्याला एखादं काम घेणारा. हॉलिसची मागणी विचित्र होती. गादी जुनीच हवी. तेच रेक्झिन, टाके त्याच भोकांतून. फक्त आतला भराव बदलायचा. "चोखंदळ लोकांच्या प्रदर्शनात गाडी ठेवणार आहे," म्हणाला.

दोन दिवसांनी मास्तर माझ्या दारात आला. मी एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल केला होता.

"फिदेन्सिओ, चल."

"अरे, याचा गाल—"

"वाढू दे. चल."

मागची सीट त्यानं जमिनीवर पालथी घातली होती. पाठीच्या फळीवर पेन्सिलीनं तारीख होती. आमच्याकडे सगळेच कारागीर अशी लपवून तारीख टाकतात. शनिवार, १४ एप्रिल १९६२. त्या शनिवारची दुसरी गाडी, जी कधी परत आली नव्हती.

"पेंढाच असणार," मी म्हटलं.

"पेंढा आहे. टाके बघ."

नळ्या मशीनवर शिवतात, पण भराव घातल्यावर गादीचं तोंड हातानं मिटवावं लागतं. ते टाके सगळे उलट्या बाजूला कललेले होते. त्या दुकानात डाव्या हाताचं माणूस एकच होतं. मी खाली बसलो. मास्तर उभाच.

"मी तेव्हा फाडली, फिदेन. उसवली नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं एन्सेनादाला गेलो. नाबोर बंदरामागच्या एका खोलीत बोटींच्या गाद्या शिवत बसला होता. साखरेच्या आजारानं त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला.

"या दाजी," तो म्हणाला. मग मला पाहून, "आणि हा भोंगा कशाला आणलात?"

"ती दुसरी गाडी आली," मास्तर म्हणाला. "टाके ओफेलियाचे आहेत."

नाबोरनं दोरा तोडला, सुई उशीला टोचली. "मग?"

"तू का बोलला नाहीस?"

"कापूस आणायचं काम माझं होतं. मी सकाळपासून पिऊन रिकाम्या पोत्यांवर पडलेलो. तिनं हाका मारल्या, तोंडावर पाणी ओतलं. ते दोघे खलाशी दारात शिव्या देत उभे, आणि तुम्ही परत आल्यावर काय कराल याची तिला धडकी. तिला जमलं ते तिनं केलं. आता सांगा, पेंढा कुणी भरला?"

"पण मला सांगायचंस तरी."

"तुम्ही शिवणारे ना, दाजी? शिवण बघायला काय झालं होतं?"

मास्तर त्याच्यासमोर बसला. मग म्हणाला, "मी गल्लीत सगळ्यांना सांगतो. तुझं नाव धुऊन काढतो. हा आहेच, दुपारपर्यंत सीमेपलीकडे पोचवील."

"नाबोर नव्हता, एवढं सांगाल. मग लोक पुढचं विचारतील, कोण होतं. काय सांगाल?"

नाबोरनं उशीतली सुई काढून पुन्हा दोरा ओवायला घेतला.

"ती मातीत आहे. तिला आता गाढवीण म्हणवून घ्यायची? माझं व्हायचं ते झालं."

"मग मी करू काय?"

"जेवून जा. सूप केलंय." आणि वाढता वाढता, अगदी सहज आवाजात, "माफ केलं म्हण, असं सांगायला आला असाल तर ते होणार नाही. इथं खाऱ्या हवेत दोरा वर्षात कुजतो. मी एकोणचाळीस वर्षं तीच तीच गादी शिवतोय." मग माझ्याकडे वळून, "तू मिरची घे. तुझ्या जिभेला काही होत नाही."

मी घेतली. परतीच्या बसमध्ये मास्तर एक शब्द बोलला नाही, आणि नवल म्हणजे मीही नाही.

नवा कापूस भरून झाला. तोंड मिटवायची वेळ आली तेव्हा मास्तर दाभण डाव्या हातात धरून बसला. भोकं ओफेलियाच्या हातानं पाडलेली, त्या बाजूला कललेली. उजव्या हातानं ओढलं असतं तर रेक्झिन फाटलं असतं, असं तो म्हणाला. खरं असेल. उजव्यानंही आता सरळ टाका येत नव्हता, डाव्याची काय कथा. वीतभर शिवणीला त्याला चार दिवस लागले. मधेच बोट टोचायचा, रक्त रेक्झिनला लागू नये म्हणून चोखत बसायचा. मी दोनदा म्हटलं, "मास्तर, उजव्यानं कर, कोण बघतंय?" त्यानं पुढचा टाकाही डाव्यानंच घेतला.

हॉलिसनं बघितलं. चष्मा लावून गुडघ्यांवर बसला आणि बोट ठेवलं. "बाकी सगळं उत्तम आहे, पण ही शिवण वाकडी आहे. पुन्हा करून द्या."

"ती अशीच राहील," मास्तर म्हणाला.

"पूर्वी अशी नसणार."

बासष्टच्या त्या शनिवारची सबंध हकीकत माझ्या जिभेवर होती. मास्तरनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी हातातला वस्तरा पुसत बसलो.

हॉलिसनं पैसे मोजले, ठरल्यापेक्षा कमी, आणि जाताना मला हळूच म्हणाला, "म्हातारबाबांचा हात गेला हो."

पलीकडच्या शौकीन मंडळींत ही बातमी फिरायला आठवडा लागला नाही. त्यानंतर मास्तरकडे एकही गाडी आली नाही. फेब्रुवारीत नाबोर गेल्याचं कळलं, मातीनंतर दहा दिवसांनी. मास्तर सकाळी दुकान उघडायचा, दारात खुर्ची टाकायचा, संध्याकाळी खुर्ची आत घ्यायचा. असं दीड वर्ष.

माझ्या खुर्चीत बसणारे विचारायचे, "समोरच्याचं काय झालं रे? तुला तर सगळं ठाऊक असतं."

"वय झालं," मी म्हणायचो, आणि त्यांची मान खाली दाबून मागचे केस कापायला घ्यायचो.